शेजारचा कुत्रा, आपलं अंगण

आमच्या नंदुरबारात मिरचीचा हंगाम आला की शहराबाहेरच्या पथारी लालभडक होतात आणि घरोघरी अंगणातही वर्षाची मिरची वाळत पडते. त्याच मिरचीच्या कडेला एका सकाळी शेजारच्या कुत्र्याची घाण दिसली. डोकं तापलं, पण मी संध्याकाळपर्यंत थांबलो. मग जाऊन एवढंच म्हटलं, "भाऊ, मोती सकाळी सहाला सुटतो तो थेट आमच्याकडे येतो. तेवढा वेळ साखळीला धरून फिरवा ना." नेमकी वेळ सांगितली की भांडण होत नाही, हा माझा अनुभव.

प्रश्न नुसत्या किळसेचा नाही. विष्ठेतून गोलजंतांची अंडी मातीत पडतात, दोन-चार आठवड्यांत संसर्गजन्य होतात आणि मातीत खेळणाऱ्या पोरांच्या पोटात जातात. आकडेकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. म्हणून घाण त्याच दिवशी उचला. पिशवी हातात उलटी घालून उचलली की हात लागत नाही. हे शेणखत नव्हे, भाजीच्या वाफ्यात मुळीच टाकू नका. शेजाऱ्यांना कुत्र्याच्या जंताच्या औषधाचीही आठवण करून द्या, ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळच्या वेळी द्यावं लागतं.

कुणी विष घालायचं सुचवलं तर तिथेच थांबवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली विष घालणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि त्या मुक्या जिवाला कुंपण कुठे कळतं? शेजारी ऐकतच नसतील तर तारखांसह फोटो ठेवा आणि नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या.