बारा नावांची प्रतीक्षा

अमेरिकेत अध्यक्षाने निवडलेल्या मंत्र्यास सिनेटपुढे जाहीर उलटतपासणीस सामोरे जावे लागते. आपल्या घटनेत मुख्यमंत्र्यांचा सल्ला पुरेसा ठरतो. विधानपरिषदेतील बारा राज्यपालनियुक्त जागांची कथा तर याहून विलक्षण. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पाठविलेली यादी राज्यपाल कोश्यारी यांनी ना स्वीकारली, ना नाकारली. वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे त्यांचे कर्तव्य होय, असे उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले; तरीही! २०२२ साली सरकार पालटले व यादीच परत घेण्यात आली. पुढे १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी, सात जणांचा शपथविधी उरकला. त्यांत पनवेलचे विक्रांत पाटीलही होते. भाजपचे तिघे, अन्य दोन सत्तापक्षांचे दोघे-दोघे, असा हा चोख हिशेब. साहित्य, शास्त्र, कला, सहकार, समाजसेवा यांपैकी कोणाचे ज्ञान कशातले, हे विचारणारी समिती मात्र सभागृहात नाही.