घरची बोली पडद्यावर

दूरचित्रवाणीवरील मालिकांतील पात्रांविषयी माणसे शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयी बोलावे तशी बोलू लागली, की सुशिक्षित मंडळी त्यांची थट्टा करतात. ही थट्टा नेहमीच रास्त असते असे नाही. कोणत्या प्रसंगी प्रेक्षक हसला, कोठे चिडला आणि कोठे गप्प झाला, यावरून एखाद्या समाजाच्या मनाचा ठाव पुष्कळदा अधिक नेमका लागतो.

१९८४-८५ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका गाजली. तिच्या प्रेक्षकांनी सुमारे चार लाख पत्रे धाडली. निमूटपणे सोसणारी भागवंती ही गृहिणी ‘असे वागू नये’ याचा नमुना म्हणून रंगविली होती. परंतु अनेक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली! लेखकाने जे दिले तेच प्रेक्षक घेतो असे नव्हे. त्याच्या घरात ज्याची उणीव असते किंवा ज्याचा मान असतो, ते तो उचलतो.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २०१६ ते २०२१ या काळात चालली. तिची नायिका राधिका ही नागपूरची. नवऱ्याने फसविल्यावर ती मसाल्यांचा व्यवसाय उभारते आणि यथावकाश मोठ्या कंपनीची धनीण होते. या झपाट्याच्या उत्कर्षावर विनोदही पुष्कळ झाले. नागपूरकरांचे कान मात्र कथानकापेक्षा राधिकेच्या तोंडच्या शब्दांकडे लागलेले होते. आपल्याकडची बोली बोलणारी स्त्री मोलकरीण किंवा विदूषक न होता नायिका झाली, याचा आनंद एकीकडे, तर ‘असे कोण बोलते?’ ही कुरकुर दुसरीकडे. कित्येक घरांत या दोन्ही प्रतिक्रिया एकाच माणसाच्या तोंडून निघत.

ही कुरकुर क्षुल्लक म्हणून सोडून देण्याजोगी नाही. अकोला-अमरावतीकडची वऱ्हाडी, नागपूरची बोली आणि भंडाऱ्याकडची झाडी यांचे वळण वेगवेगळे आहे. ‘मले’, ‘तुले’ आणि ‘काय करून राहिली?’ एवढे पेरले की विदर्भ उभा राहिला, अशी समजूत करून घेणे म्हणजे माणसाऐवजी मुखवटा उभा करणे होय. राधिकेची भूमिका करणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. परक्या बोलीचा ठसका त्यांनी वर्षानुवर्षे निभावला, हे त्यांचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. प्रश्न अभिनेत्रीचा नसून लेखनाचा आहे. आरंभीच्या भागांत नवऱ्याला ती गावंढळ वाटते, त्यात तिच्या बोलण्याचाही वाटा आहे. ज्या बोलीवर आधी हसविले, तिच्याविषयी पुढे आदर उत्पन्न करणे सोपे नसते.

ज्या प्रदेशाच्या बोलीला हसे वाटते, त्याचा वारसा मात्र लहान नाही. मराठी गद्याचा आद्य ठेवा ठरलेले म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या परिसरात सिद्ध झाले. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ कादंबरीने १९६० साली वऱ्हाडीतून दारिद्र्याचे करुण चित्र उभे केले. ती वाचताना कोणालाही हसू येत नाही. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा द्विभाषिक मध्य प्रांताची राजधानी होते, म्हणून येथील बोलण्यात हिंदीचा शिरकाव झाला. तो अशुद्धपणा नव्हे, इतिहास आहे.

तरीही वर्गात ‘मले’ म्हणणाऱ्या मुलाकडे सारी बाके वळून पाहतात. पुढे तो कारकून होतो, मुंबई-पुण्याला मुलाखतीस जातो, आणि तोंड उघडण्यापूर्वी मनातल्या मनात वाक्य बदलून घेतो. प्रमाण भाषा त्याला आली पाहिजे, यात वाद नाही. परंतु ती शिकविताना आईच्या बोलीची लाज शिकविण्याचे कारण नाही. शिक्षकाने ‘मला’ लिहून घ्यावे, पण ‘मले’ला हसू नये.

मालिका संपली, पात्रे विस्मृतीत जातील. नागपूरच्या प्रेक्षकाने तिच्या निमित्ताने मागितले ते फार नव्हते. आपली बोली पडद्यावर आणायची तर ती नीट ऐकून आणावी, आणि ती बोलणाऱ्याला शहाणे, दुःखी, चतुर, रागीट असे सारे काही होता यावे, एवढीच ती मागणी आहे. पुढल्या मालिकेच्या लेखकाने कागदावर पहिला संवाद उतरविण्यापूर्वी चार दिवस महालात किंवा सीताबर्डीवर कान उघडे ठेवून फिरावे. तेवढ्यानेही पुष्कळ साधेल.