सीडी खराब झाली, विंडोज नाही

पुष्कळ बचत गटांकडे दहा-बारा वर्षांचा एखादा कॉम्प्युटर असतो, विंडोज सेव्हनवर चालणारा. कर्जाचे हप्ते, हजेरी, मसाल्याची बिलं, सगळं त्यातच. एक दिवस तो सुरूच होत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, विंडोज परत टाकावं लागेल, सीडी आणा. कपाटातून सीडी काढावी तर तिच्यावर ओरखडे, आणि ती अर्ध्यातच अडकते. मग ऐकायला मिळतं, “ताई, आता नवीनच घ्या.” जरा थांबा.

आधी हिशेब वाचवायचा, सीडीचं नंतर. विंडोज परत टाकताना ‘फॉरमॅट मारतात’, तेव्हा सी ड्राईव्ह पुसला जातो. आपल्या डेस्कटॉपवरच्या फाइल्स तिथेच असतात. कॉम्प्युटर सुरू होत नसला तरी आतली हार्ड डिस्क पुष्कळदा चांगली असते. ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते, नाहीतर लिनक्स टाकलेल्या पेन ड्राईव्हवरून कॉम्प्युटर चालू करून फाइल्स उतरवून घेता येतात. हे काम समोर बसून करून घ्या. उतरवलेली हप्त्यांची फाइल दुसरीकडे उघडून बघा आणि मगच फॉरमॅटला हो म्हणा.

आता सीडी. गॅसची टाकी बदलत राहते, पण कनेक्शन आपल्या पुस्तकावर असतं ना, तसंच हे. विंडोज वापरायचा हक्क सीडीत नसतो, तो असतो कॉम्प्युटरला चिकटवलेल्या स्टिकरवरच्या २५ अक्षर-अंकांच्या ‘प्रॉडक्ट की’मध्ये. म्हणून दुसऱ्या गटाची सीडी मागून आणली तरी चालते, की मात्र आपलीच टाकायची. स्टिकरवर होम प्रीमियम लिहिलं असेल तर होम प्रीमियमच टाकायचं, प्रोफेशनल नाही. आपल्याच कंपनीच्या कॉम्प्युटरबरोबर आलेली सीडी मिळाली तर उत्तम. एक्सपी असेल तर जास्त जपून, कारण खोक्यात वेगळी विकत घेतलेली सीडी आणि कॉम्प्युटरबरोबर आलेली सीडी यांच्या की एकमेकींना चालत नाहीत.

स्टिकर पेटीच्या बाजूला असतं, लॅपटॉपच्या खाली किंवा बॅटरीच्या खोबणीत. हाताने घासून अक्षरं पुसट होतात. आजच मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि गटाच्या वहीतही उतरवून ठेवा.

ओरखडे पडलेली सीडीही लगेच टाकू नका. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. दुसऱ्या ड्राईव्हमध्ये घालून बघा, एकाला न वाचता आलेली सीडी दुसऱ्याला वाचता येते. वाचली तर त्याच दिवशी तिची प्रत काढून ठेवा. विंडोज सेव्हनची असते ती खरं तर डीव्हीडी, तिच्यात माहिती दोन थरांच्या मधोमध असते. एक्सपीच्या सीडीत मात्र माहिती छापील बाजूच्या अगदी खाली असते, म्हणून त्या बाजूचा खोल ओरखडा जास्त वाईट.

लॅपटॉप असेल तर कदाचित सीडी लागणारही नाही. कंपनीने हार्ड डिस्कच्या एका कप्प्यात मूळ विंडोज ठेवलेलं असतं. चालू करताना एचपीमध्ये एफ११, असुसमध्ये एफ९, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ१० दाबून ते पुष्कळदा परत आणता येतं. यातही सी ड्राईव्ह पुसला जातो, हे विसरू नका.

कुठल्याशा साइटवरून उतरवलेली फुकट सीडी आम्ही घेऊ नका म्हणू. तिच्यात कुणी काय घुसवलंय ते कळत नाही, आणि तुमच्या खातेदार बायकांची नावं, रकमा त्याच कॉम्प्युटरमध्ये असतात.

विंडोज परत आलं तरी त्यावर बँकेचं काम करू नका. कंपनीने एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी आणि सेव्हनची १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. हिशेब, पत्रं, प्रिंट यांना हरकत नाही. आणि सीडी नाही, स्टिकरही पुसलंय, असं असेल तर लिनक्स फुकट मिळतं. त्यातलं लिबरऑफिस एक्सेलच्या फाइल्स उघडतं, मराठीही टाइप होतं. टॅलीसारखं विंडोजचं सॉफ्टवेअर मात्र त्यावर सरळ चालत नाही, तेवढं आधी विचारून घ्या.