प्लॉटचा बयाना देण्याआधी नकाशा कॉम्प्युटरवर टाका

केशोरीसारख्या बाजारगावात धानाचा आणि मिरचीचा पैसा हाती आला की व्यापाऱ्याची नजर प्लॉटकडे जाते. रस्त्यालगतची बांधी मुरूम टाकून भरायची, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि रंगीत नकाशा दाखवून बयाना घ्यायचा, ही पद्धत पूर्व विदर्भात सगळीकडे दिसते. त्या रंगीत कागदावर बगीचा असतो, ४० फुटांचा रस्ता असतो; बोडी मात्र नसते. आपल्या व्यापारी बंधूंनी हा कागद तपासायला शिकले पाहिजे, आणि त्यासाठी जीआयएस हे साधन आज फुकट मिळते.

जीआयएस म्हणजे एकाच जागेचे अनेक नकाशे अचूक एकावर एक ठेवून पाहणे. गटांचा नकाशा, उपग्रहाचे छायाचित्र, नहर, तलाव, पांदण, जंगलाची हद्द हे सारे वेगवेगळे थर. २००२ मध्ये सुरू झालेले क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. गटाचा नकाशा सरकारच्या महाभूनकाशा या सेवेवर पाहता येतो, आणि इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून आहे. गावातला कॉलेजात जाणारा मुलगा हे काम चार-आठ दिवसांत शिकू शकतो.

आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा थर झुडपी जंगलाचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनी आहेत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीनच समजाव्यात असा निकाल दिला. म्हणजे तिथे घर-दुकान काढायचे तर १९८० च्या वन कायद्याची मंजुरी आडवी येते. आता गंमत अशी की उपग्रहाच्या चित्रात ही जमीन कित्येकदा उघडे माळरान दिसते, एक झुडूप नसते. जंगल आहे ते कागदात. म्हणून चित्रावर भरवसा न ठेवता तलाठ्याकडून सात-बारा आणि निस्तार पत्रक घ्यावे, त्यातील गट क्रमांक पाहावेत, आणि ते गट कॉम्प्युटरवर लाल रंगाने भरावेत. तलाव-बोड्यांचेही तेच. मालगुजारी १९५१ साली गेली, तलाव राहिले. पण उन्हाळ्यातल्या चित्रात कोरडी बोडी शेतासारखीच दिसते. निस्तार पत्रकात चराईची जागा, पाणी, रस्ता यांवरचे गावाचे हक्क लिहिलेले असतात. दलाल हा कागद आपण होऊन दाखवत नाही.

दुसरी गोष्ट जुन्या नकाशाची. उत्तर हिंदुस्थानात पटवाऱ्याच्या नकाशाला ‘लठ्ठा’ म्हणतात, कारण तो कापडावर काढीत. कापड आटते, ताणते, हे आम्हा कापडवाल्यांना कोणी सांगायला नको, कागदाचेही तसेच. नकाशा २ टक्के आटला असेल तर एक किलोमीटरमागे २० मीटरचा फरक पडतो. म्हणून स्कॅन केलेला नकाशा जागेवर बसवताना दोन-तीन खुणांवर भागवू नये. जुनी विहीर, शिवेचा दगड, पुलाचे टोक अशा आठ-दहा खुणा चारही कडांना पसरून घ्याव्यात. कोणत्या खुणेत किती मीटर चूक आहे ते सॉफ्टवेअर स्वतः दाखवते.

इतके केल्यावरही एक मर्यादा राहते. १६ इंचांना १ मैल या प्रमाणाच्या नकाशात १ मिलिमीटर जाड रेघ म्हणजे जमिनीवर सुमारे ४ मीटर, अर्थात १३ फूट. तेवढी तर बाजारातल्या एका दुकानाची रुंदी असते! रेघेच्या डाव्या अंगाला धरायचे की उजव्या, यावर दोन शेजारी दिवाणी कोर्टात आयुष्य घालवतात.

क्षेत्रफळातही सावध राहावे. इंटरनेटवरचे नकाशे गोल पृथ्वी सपाट करून दाखवतात. त्याच सपाट मापात क्षेत्र काढले तर गोंदियाच्या अक्षांशावर ते सुमारे १५ टक्के जास्त भरते. एका एकरामागे साडेसहा हजार चौरस फूट हवेतले! आपला भाग यूटीएम पद्धतीच्या ४४ व्या पट्ट्यात येतो. मुंबई-पुण्याचा पट्टा ४३ वा, म्हणून तिकडून तयार होऊन आलेल्या फाइलमध्ये हा आकडा आधी पाहावा.

उताराचे फुकट मिळणारे आकडे ३० मीटरच्या चौकोनाचे असतात. एका चौकोनात साडेनऊ हजार चौरस फूट, म्हणजे चार-सहा प्लॉट मावतात. तेव्हा पाणी कुठे तुंबते हे कॉम्प्युटरला विचारण्यापेक्षा ऑगस्टमध्ये स्वतः जाऊन पाहावे.

सरकारनेही हा मार्ग धरला आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजना सुरू झाली. पण तिचे काम गावठाणातील घरांचे. गावाबाहेरच्या शेतात पडलेल्या ले-आऊटला त्याचा उपयोग नाही.

जीआयएसचा नकाशा हद्द कायम करीत नाही. तो अधिकार भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीचा. ही मोजणी सरकारी फी भरून होते, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते आणि ‘क’ प्रत मिळते. कॉम्प्युटरवर गट स्वच्छ निघाला तरच मोजणीची फी भरावी, आणि बयाना ‘क’ प्रत पाहून द्यावा.