मनीचे गुज आणि बोलके यंत्र

मनावरचा भार कोणापाशी हलका करावा, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबात केव्हा ना केव्हा उभा राहतो. पूर्वी मावशीपाशी वा जिवलग मैत्रिणीपाशी जाणारे गुज आज आपल्याच घरातील मुलगा वा मुलगी अपरात्री मोबाइलमधील चॅटबॉटपाशी, म्हणजे बोलक्या यंत्रापाशी, उघड करीत असेल. यंत्र हसत नाही, रागावत नाही. परंतु वाचकहो, सांगितलेले ते टिपून ठेवू शकते.

हा मोह नवा नव्हे. अमेरिकेतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ ही संगणक-आज्ञावली जगापुढे ठेवली. बोलणाऱ्याचेच शब्द प्रश्नरूपाने परत करावयाचे, एवढेच तिचे कसब. तरीही, ती घडताना पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनी तिच्याशी दोनचार वाक्ये बोलताच प्राध्यापकांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले. पुढे, झालेली सर्व संभाषणे आपण तपासून पाहावीत असे त्यांनी सुचविले, तेव्हा ही तर मनाची हेरगिरी, असा गिल्ला झाला. त्या लोकांना जे तत्काळ उमगले, त्याला आपण मात्र ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवून, न वाचताच संमती देतो.

याचा परिणाम काय होऊ शकतो? ‘बेटरहेल्प’ या कंपनीचे समुपदेशक माणसेच होती. पण आरंभीची प्रश्नावली संकेतस्थळावर भरावी लागे. पूर्वी मानसोपचार घेतले होते काय, यासारख्या उत्तरांची माहितीही जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांकडे गेली, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला. प्रकरण ७८ लाख डॉलरांवर मिटले.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे २३ वे कलम उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर गोपनीयतेचे बंधन घालते. बोलके यंत्र असा व्यावसायिक नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, विश्वासाने दिलेली खाजगी माहिती कायद्याचा आधार नसता इतरांस देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मात्र त्याच कायद्यातील ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतून विनामूल्य सेवा वगळलेली आहे! फुकट मिळणाऱ्या ॲपच्या बाबतीत ही मेख ध्यानात घ्यावी.

वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि प्रमुख तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. म्हणून यंत्रापाशी बोलण्यापूर्वीच पाहावे: संभाषण किती काळ साठविले जाते, ते कोणास दिले जाते, पुसून टाकता येते काय? खरे नाव, पत्ता आणि नात्यातील कोणाची ओळख तेथे देऊ नये. पैसे भरून फसगत झाल्यास १९१५ हा ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. आणि जीव खरोखरीच कासावीस झाला असेल, तर २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही घटकेस विनामूल्य बोलता येते, मराठीतही. तेथे पलीकडे माणूस असतो.