गिरणगावची पायवाट – भाग ७ : धुराड्याआधी तळं

मागच्या भागात आपण ताडदेवला होतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि दोनच वर्षांत मुंबईतल्या पहिल्या सूतगिरणीची चाकं फिरू लागली, ती जागा पाहिली. आज चिंचपोकळी स्टेशनाच्या पूर्वेला उतरायचं, काळाचौकीला जाऊन परत लालबागला यायचं आणि करी रोडच्या पुलावरून लोअर परळ गाठायचं. अंतर फार नाही, पण थांबत थांबत गेलं तर तीन तास सहज मोडतात. रविवारी सकाळी निघा, आणि लालबागच्या चिवडा गल्लीत खरेदी करायची असेल तर ती फेरीच्या शेवटी ठेवा. पिशव्या सांभाळत इतिहास बघता येत नाही.

गिरणगावात फिरायचं म्हणजे धुराडी मोजायची, संपाची हळहळ करायची आणि शेवटी मॉलमध्ये कॉफी प्यायची, असा एक रिवाज पडून गेलाय. धुराडी आज आपोआप दिसतीलच. पण माझ्या मते गिरणी समजून घ्यायची तर नजर खाली हवी, पाण्याकडे.

काळाचौकीला दत्ताराम लाड मार्गावर इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ चं आवार आहे. ही गिरणी आधी ससून घराण्याकडे होती, पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. महापालिकेने इथे वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलं. या आवारात एक तळं आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, शोभेचं असेल. पण गिरणीमालक शोभेसाठी मुंबईतली जागा अडवून ठेवणाऱ्यातले नव्हते.

तळं होतं वाफेसाठी. बॉयलरमध्ये कोळसा जाळून वाफ करायची आणि तिने इंजिनाचा दट्ट्या ढकलायचा, एवढं आपण शाळेत शिकतो. ढकलून झालेल्या वाफेचं पुढे काय, ते कोणी सांगत नाही. ती कंडेन्सरमध्ये जायची. तिथे थंड पाण्याने तिचं एकदम पाणी व्हायचं, जागा रिकामी पडायची आणि त्या पोकळीमुळे दट्ट्याला मागूनही ओढ मिळायची. तेवढ्याच कोळशात जास्त काम. पण त्यासाठी थंड पाणी सतत हवं आणि ते तापून बाहेर आलं की निवायला मोकळी जागा हवी. म्हणून तळं. पाणी आत थंड जायचं, बाहेर कोमट यायचं, तळ्यात निवून पुन्हा आत. कोळसा बोटीने किंवा रेल्वेने आणता येत होता, पाणी मात्र दारात असावं लागे.

इंजिनाच्या अजस्र चाकावरून जाड दोर निघायचे आणि ते मजल्यामजल्यावरच्या लांबलचक दांड्यांना फिरवायचे. त्या दांड्यांवरून पट्टे खाली यंत्रांवर येत. म्हणून कताईच्या इमारती चार-चार मजली; इंजिनाच्या डोक्यावर मजले चढवले की शक्ती कमी अंतरात सगळ्यांना पोचते. विणाईला तसं चालत नाही. शेकडो साचे एकदम ठोके देऊ लागले की वरचा मजला हादरतो. म्हणून साळखातं जमिनीवर, वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर आणि त्या दात्यांच्या उत्तरेकडच्या उभ्या बाजूला काचा. उत्तरेकडून उजेड येतो, ऊन येत नाही. धाग्यावर सावल्या पडत नाहीत. करी रोडच्या पुलावर उभं राहिलं की पूर्वी अशी दातेरी छपरं दोन्हीकडे दिसायची. आता शोधावी लागतात.

आमच्यासोबत फेरीला एक काका येतात. मूळचे देवगड बाजूचे, साळखात्यात तीस वर्षं काढलेली. अजूनही जरा मोठ्याने बोलतात. खात्यात इतका आवाज असे की बोलणं सगळं हातांनी आणि ओठांनी. त्यांनी तळहात आडवा धरून खट्‌खट् हलवून दाखवला : हा धोटा. मग दोन बोटं चिमटीत धरून मागे झटकली : धागा तुटला, साचा थांबव. गेल्या खेपेला एका कॉलेजच्या पोराने विचारलं, “काका, आत पंखे नव्हते?” काका म्हणाले, “अरे, खिडक्यासुद्धा बंद असायच्या. आम्हाला गरम झालेलं चालायचं, धाग्याला कोरडं पडलेलं चालायचं नाही.”

या एका वाक्यात मुंबईच्या कापडधंद्याचा अर्धा भूगोल आला. कापसाचा तंतू दमट हवेत लवचीक राहतो. हवा कोरडी पडली की ठिसूळ होतो, तटातट तुटतो. मुंबईची चिकचिकी हवा, जिला आपण वर्षभर शिव्या देतो, ती सुताला मानवते. तरी थंडीत हवा कोरडी व्हायची, म्हणून साळखात्यात पाण्याचे फवारे सोडत आणि ओल बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेत. त्या कोंडलेल्या ओलीत कापसाची पूड. गिरणी कामगारांच्या खोकल्याला वैद्यकात नाव आहे, बायसिनोसिस. चाळीत मात्र त्याला ‘खात्याचा खोकला’ म्हणूनच ओळखायचे, असं काका सांगतात.

भोंगाही वाफेवरच वाजायचा, म्हणजे तोही पाण्याचाच. आणि इथे लोकांचा एक गैरसमज दूर करायला हवा. वीज आली आणि धुराडी बंद पडली, असं झालं नाही. ताण्याला खळ द्यायला, ती वाळवायला, कापड रंगवायला वाफ लागतच होती. इंजिन गेलं तरी बॉयलर राहिला आणि बॉयलर राहिला म्हणून धुराडंही राहिलं.

वीज पहिल्यांदा आली ती दिव्यांच्या रूपात. तोवर उजेड गेला की काम थांबायचं. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगारांनी त्याविरुद्ध उठाव केला. पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा कायद्याने आली ती १९११ मध्ये. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली होती, त्याला तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती.

यंत्रं फिरवणारी वीज आली सह्याद्रीवरून. १९११ मध्ये लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. घाटमाथ्यावर पावसाचं पाणी अडवायचं, नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचं आणि चाकं फिरवायची. तळं गिरणीच्या आवारातून उठून लोणावळ्याला गेलं, म्हणा ना. जमशेटजी टाटांनी हे स्वप्न पाहिलं, पण ते १९०४ मध्येच गेले.

खोपोली पुरेना, म्हणून मुळशीला मुळा नदीवर धरण आलं. पूर्वेला वाहणारं पाणी पश्चिमेला वळवून भिरा इथे कोकणात सोडायचं, ही कल्पना. त्यात मावळातली बावन्न गावं सापडली. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्याचं नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते तिथूनच. सत्याग्रह हरला, धरण झालं, १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

आता लोअर परळचा डिलाईल पूल उतरून पश्चिमेला या. (हा पूल पाडून पुन्हा बांधेपर्यंत पाच वर्षं गेली, तेवढ्या काळात पूर्वी इथे अख्खी गिरणी उभी राहायची.) समोर फिनिक्स. १९०५ सालची गिरणी, आता मॉल. धुराडं राखलंय, सणासुदीला त्याला रोषणाई करतात. फोटो काढा, हरकत नाही. मग मागे वळून रस्त्याकडे बघा. जुने लोक याला अजून तुळशी पाइप रोड म्हणतात, कारण १८७९ मध्ये बांधलेल्या तुळशी तलावाचं पाणी शहराकडे नेणारी नळवाट इथून गेली होती. म्हणजे गिरण्यांच्या दारातल्या रस्त्याचं नावही पाण्यावरूनच.

आणि पाटीवरचं आजचं नाव वाचा : सेनापती बापट मार्ग. ज्या धरणाच्या विजेवर या रस्त्यालगतच्या गिरण्या चालल्या, ते धरण होऊ नये म्हणून जो माणूस तुरुंगात गेला, त्याचं नाव. रस्त्याचं नामकरण करणाऱ्यांच्या हे ध्यानात होतं की नाही, देव जाणे. मी फेरीतल्या प्रत्येकाला या पाटीखाली दोन मिनिटं उभं करतो. धुराड्याखाली सगळे हौसेने थांबतात, पाटीखाली कुरकुरतात. काका मात्र गेल्या खेपेला पाटी वाचून म्हणाले, “तीस वर्षं इथून कामाला गेलो, कोणी सांगितलं नाही.”

गिरण्यांचे साचे १८ जानेवारी १९८२ ला संपामुळे थांबले, त्याबद्दल शेवटच्या भागात. पुढच्या रविवारी खानावळी आणि बीडीडी चाळींकडे वळू. भेटायची जागा ना. म. जोशी मार्ग. गिरण्या थांबल्या, भिऱ्याचं वीजकेंद्र मात्र अजून चालू आहे आणि तिथली वीज आजही मुंबईला येते.