नागरिकत्वाचा अर्ज : प्रश्न सोपे, उत्तरे अवघड

नाव काय? जन्म कुठे झाला? भारतात कधी आलात? शाळकरी मुलालाही देता येतील अशी ही उत्तरे. पण हेच प्रश्न नागरिकत्वाच्या अर्जावर छापून आले की भल्याभल्यांची लेखणी अडते. असे का होते? आणि त्यातून वाट कशी काढायची?

चंदिगडचा सेक्टर ४३ म्हणजे पंजाब-हिमाचलकडे जाणाऱ्या बसगाड्यांचे मोठे स्थानक आणि जिल्हा न्यायालयाचे संकुल. कोर्टाच्या आवारात माणसे येतात ती बहुधा कागद घेऊन. कुणाला भाडेकरार करायचा असतो, कुणाला नावातली चूक दुरुस्त करायची असते, कुणाला वारस म्हणून नोंद हवी असते. नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्यालाही अशा आवाराची पायरी चढावी लागते, कारण अर्जातली माहिती खरी असल्याचे प्रतिज्ञापत्र त्याला जोडावे लागते.

या शहराचा जन्मच फाळणीतून झाला. १९४७ साली लाहोर पाकिस्तानात गेले, भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून चंदिगड वसवले गेले. शहर आखीव-रेखीव झाले, सेक्टरांना क्रमांक मिळाले. माणसांची आयुष्ये मात्र इतकी रेखीव नसतात. सीमेपलीकडून आलेल्या कुटुंबांना हे अर्जाच्या रकान्यांत आजही जाणवते.

हा प्रश्न केवळ पंजाबचा नाही. नागपूरचा जरीपटका किंवा उल्हासनगर या सिंधी वस्त्या आपल्या परिचयाच्या आहेत. फाळणीनंतर आलेली कुटुंबे केव्हाच इथली झाली, पण पाकिस्तानातून येणाऱ्यांची रीघ पुढेही थांबली नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार काही जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले, तेव्हा त्या यादीत नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे हे महाराष्ट्रातले चार जिल्हे होते.

आधी अर्ज कोणता, ते ठरवा

पहिला गोंधळ प्रश्न वाचण्याआधीच होतो. नागरिकत्वाचा एकच अर्ज नसतो. मूळ भारतीय वंशाच्या व्यक्तीचा अर्ज वेगळा, भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्याचा वेगळा, अज्ञान मुलाचा वेगळा. यांतले काहीच लागू नसेल, तर दीर्घ वास्तव्याच्या आधारावर करायचा अर्ज आणखी वेगळा.

त्यातच २०१९ साली नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि ११ मार्च २०२४ रोजी तिचे नियम जाहीर झाले. वर सांगितलेल्या तीन देशांतून त्याच सहा धर्मांचे जे लोक ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आले, त्यांच्यासाठी स्वतंत्र अर्ज तयार झाले. मुस्लिमांना यातून वगळल्यामुळे ही दुरुस्ती वादग्रस्त ठरली आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. या दुरुस्तीत न बसणाऱ्याला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, कायद्यातल्या सर्वसाधारण कलमांखालीच अर्ज करावा लागतो.

चुकीचा अर्ज निवडला, तर पुढची सगळी उत्तरे खरी असूनही उपयोग होत नाही. तेव्हा कोणत्या नात्याने आपण नागरिकत्व मागतो आहोत, हे आधी एका वाक्यात स्वतःला सांगता आले पाहिजे.

‘अविभाजित’ आणि ‘स्वतंत्र’

समजा, एका गृहस्थांचा जन्म १९६८ साली सिंधमध्ये झाला. वडील १९३८ साली शिकारपूरला जन्मलेले. हे गृहस्थ ‘मूळ भारतीय वंशाचे’ ठरतात का? ते म्हणतील, ‘‘छे! माझा जन्म पाकिस्तानातला, वडीलही तिथेच वारले.’’ पण कायदा वेगळे सांगतो. अर्जदार स्वतः किंवा त्याच्या आईवडिलांपैकी एकजण ‘अविभाजित भारतात’ जन्मला असेल, तर तो मूळ भारतीय वंशाचा. १९३८ साली शिकारपूर अविभाजित भारतातच होते. म्हणजे उत्तर ‘होय’.

आता पुढचा चकवा पाहा. दुसऱ्या एका अर्जात विचारलेले असते, की अर्जदार किंवा त्याचे आई अथवा वडील पूर्वी ‘स्वतंत्र भारताचे’ नागरिक होते का? याच गृहस्थांचे वडील १९४७ नंतर भारतात राहिलेच नसतील, तर इथे उत्तर ‘नाही’. ‘अविभाजित’ आणि ‘स्वतंत्र’ हे दोन शब्द घाईत वाचले तर सारखेच वाटतात. पण एका शब्दाच्या फरकाने अर्ज बदलतो आणि वास्तव्याची अटही बदलते.

गोव्याची गोष्ट आणखी निराळी. तिथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती, म्हणजे १९४६ साली मडगावला जन्मलेला माणूस अविभाजित ब्रिटिश भारतात जन्मलेला नाही. कायद्याने त्याचीही सोय केली आहे. १५ ऑगस्ट १९४७ नंतर जो प्रदेश भारतात सामील झाला, तिथला जन्मही मूळ भारतीय वंशासाठी धरला जातो. हा काही नुसता पुस्तकी मुद्दा नाही. २०१९ च्या दुरुस्तीखालचे गोव्यातले पहिले प्रमाणपत्र २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या हस्ते दिले गेले, ते एका वृद्ध ख्रिस्ती गृहस्थांना. त्यांचा जन्म गोव्यातलाच. मुक्तीपूर्वी ते शिक्षणासाठी पाकिस्तानात गेले आणि पुढे तिथले नागरिक झाले. जन्मभूमीचे नागरिक होण्यासाठी त्यांना उतारवयात अर्ज भरावा लागला!

नाव एक, कागद अनेक

नावाचा रकाना सर्वांत सोपा वाटतो आणि तिथेच सर्वाधिक घोळ होतो. पासपोर्टवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधार कार्डावर तिसरे. कुठे आडनाव आहे, कुठे त्या जागी वडिलांचे नाव. आपल्याकडे तर लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची चाल आहे. माहेरची सुमन सासरी आल्यावर सुनंदा होते. घरच्यांना त्यात वावगे वाटत नाही; अर्ज तपासणाऱ्याला मात्र त्या दोन बायका वाटू शकतात.

‘आपण आणखी कोणत्या नावाने ओळखले जाता का?’ असा प्रश्न असेल, तर तो संशयापोटी विचारलेला नसतो. सगळी नावे लिहिली, नाव कधी व का बदलले ते सांगितले आणि विवाहाचा दाखला जोडला, तर तोच रकाना आपल्या बाजूने साक्ष देतो.

जन्मतारखेचेही तसेच. जुन्या पिढीतल्या कित्येकांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहून टाकली. घरातली खरी तारीख वेगळी असली, तरी पासपोर्टवर जी आहे तीच अर्जात यायला हवी. पासपोर्टवरचीच चूक असेल, तर ती आधी रीतसर दुरुस्त करावी. अर्जात परस्पर सुधारू नये.

सात वर्षांचे गणित

‘आपण भारतात किती काळ राहत आहात?’ या प्रश्नाला ‘दहाएक वर्षे झाली असतील’ असे उत्तर चालत नाही. कायद्यात वास्तव्याचे गणित ठरलेले आहे.

मूळ भारतीय वंशाच्या व्यक्तीला किंवा भारतीय नागरिकाच्या पती-पत्नीला सात वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. पण याचा अर्थ सात वर्षे घराचा उंबरठाच ओलांडायचा नाही, असा नव्हे. अर्जापूर्वीचे बारा महिने सलग भारतात हवेत आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षे. विशेष परिस्थितीत त्या बारा महिन्यांतही एकूण तीस दिवसांपर्यंतच्या खंडाला सरकार सूट देऊ शकते. दीर्घ वास्तव्याच्या आधारावर अर्ज करणाऱ्याला बारा महिने सलग आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत एकूण अकरा वर्षे दाखवावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीत बसणाऱ्यांसाठी अकराची पाच वर्षे झाली आहेत.

म्हणूनच एखादी सून मधल्या काळात आजारी आईला भेटायला कराचीला जाऊन आली असेल, तर ते दिवस लपवू नयेत. पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून तारखा एका कागदावर उतरवून बेरीज करावी आणि मगच रकाना भरावा.

भारतात प्रवेश केल्याची तारीख हा तर सगळ्यात नाजूक प्रश्न. २०२४ च्या नियमांनी त्यासाठी केवळ व्हिसावर भर दिलेला नाही. रेशन कार्ड, विजेचे बिल, बँकेचे किंवा टपाल खात्याचे खाते, विम्याची पॉलिसी, शाळा सोडल्याचा दाखला, विवाहाचा दाखला असे बरेच कागद चालतात. मात्र त्यावरून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आल्याचे दिसले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या या समाजांतील लोकांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट दिली. त्यामुळे नागरिकत्वाचीच मुदत वाढली, असा अनेकांचा समज होऊ शकतो. पण ती सूट इथे राहण्यापुरती आहे.

मूल इथे जन्मले, तरीही?

आईवडिलांचा जीव सर्वांत अधिक अडकतो तो मुलांच्या रकान्यापाशी. ‘मुलाचा जन्म नागपूरचा, महापालिकेचा दाखला आहे, म्हणजे तो भारतीयच!’ असे धरून चालणारे पुष्कळ. १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंतच्या जन्मांना हे लागू होते. त्यानंतर जन्मलेल्यासाठी आई किंवा वडील भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाला. आता दोघेही भारतीय हवेत, किंवा एकजण भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला.

म्हणजे २००८ साली नागपूरला जन्मलेले, मराठी शाळेत शिकलेले मूल आईवडील दोघेही पाकिस्तानी असल्यास जन्माने भारतीय ठरत नाही. त्याच्यासमोर ‘भारतीय’ लिहून मोकळे होणे ही फार महागात पडणारी चूक. त्याचा वेगळा अर्ज भरावाच लागतो. दहावी-बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी हे उमगण्यापेक्षा आधी उमगलेले बरे.

‘होय’ लिहायची भीती

‘आपल्याविरुद्ध खटला चालू आहे का?’ ‘यापूर्वी अर्ज केला होता का?’ असे प्रश्न आले की सरळ माणसेही ‘नाही’ लिहून सुटका करून घेतात. पण ‘होय’ म्हणजे आपोआप नकार नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीत बसणाऱ्या अर्जदारावर बेकायदा वास्तव्याबद्दल खटला चालू असला, तरी त्याला अर्ज करता येतो आणि नागरिकत्व मिळाले की तो खटला संपुष्टात येतो. उलट, खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय, महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेले नागरिकत्व पुढे काढूनही घेता येते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हाच अनुभव येतो. तिथल्या नागरिकत्वाच्या अर्जात ‘आजवर कधीही’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. आजवर कधीही अटक झाली आहे का? कधीही कम्युनिस्ट पक्षाशी संबंध आला आहे का? भारतात कम्युनिस्ट पक्ष निवडणुका लढवतात, त्यांनी सरकारेही चालवली आहेत. त्यामुळे कॉलेजात असताना घेतलेले सभासदत्व कुणाच्या लक्षातही राहत नाही. पण प्रश्न ‘कधीही’चा आहे. अशा वेळी ‘होय’ लिहून खुलासा जोडणे आणि तिथल्या जाणकार वकिलाचा सल्ला घेणे हेच शहाणपणाचे. आणखी एक ध्यानात ठेवायला हवे. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडची शपथ घेतली की इकडचे नागरिकत्व संपते.

अर्ज भरताना हे विसरू नका

• सर्व कागद समोर ठेवा. नाव, जन्मतारीख व वडिलांचे नाव यांत कुठे फरक आहे, त्याची यादी आधी करा.

• पती, पत्नी आणि मुले यांचे अर्ज एकत्र बसून भरा. एकाच घरातल्या तीन अर्जांत तीन तारखा नकोत.

• एखाद्या शब्दाचा अर्थ कळला नाही, तर शेजाऱ्याने काय लिहिले ते विचारू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा वकिलाला विचारा.

• प्रतिज्ञापत्र वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. ते कुणीही टंकलिखित केलेले असो, जबाबदारी सही करणाऱ्याची असते.

• २०२४ च्या नियमांखाली अर्ज असेल, तर चारित्र्याबद्दल एका भारतीय नागरिकाचे प्रतिज्ञापत्रही लागते. ओळखीच्या, पत्ता न बदलणाऱ्या माणसाचे घ्या.

• बोलावणे आले की प्रत्यक्ष हजर राहा. शपथेला वारंवार गैरहजर राहिल्यास अर्ज नाकारला जाऊ शकतो.

• भरलेल्या अर्जाची प्रत घरी जपून ठेवा. पुढे विचारणा झाली, तर उत्तर तेच द्यावे लागते.

अर्जातले शब्द घरातल्या बोलण्यातले असतात, पण त्यांचे अर्थ कायद्याने ठरवलेले असतात. सगळा घोळ होतो तो इथेच. अर्जदाराला कायदेपंडित व्हायची गरज नाही. ‘हा शब्द इथे कोणत्या अर्थाने आहे?’ एवढे प्रत्येक रकान्यापाशी विचारायचे आणि जे घडले तेच लिहायचे. तारखांचा, गावांचा आणि नावांचा मेळ बसवायला आठ दिवस अधिक लागले तरी चालतील. ज्या घराने एका कागदासाठी दहा-पंधरा वर्षे वाट पाहिली, त्याला हे आठ दिवस जड जाऊ नयेत.